नॉरिस टॅटरसॉलची सात मतं

थॉर्नलॉ नगरपालिकेच्या निवडणुकीला नॉरिस टॅटरसॉल उभा राहिला तो ना पक्षासाठी, ना तत्त्वासाठी. लघवीसाठी.

नॉरिस खिडक्या पुसायचा. तरुणपणी तो कापडगिरणीत होता. गिरणीला टाळं लागलं तेव्हा मामाने आपली शिडी, दोन बादल्या आणि मिल गेट वॉर्डातली सगळी गिऱ्हाइकं त्याच्या हवाली केली आणि स्वतः समुद्रकाठी राहायला गेला. तेव्हापासून तीसेक वर्षं नॉरिस त्याच दुकानांच्या आणि त्याच घरांच्या काचा पुसत होता. शिडीवरून माणसाला पुष्कळ दिसतं. दुपारचं कोण घोरतं, कोणत्या घरात दोन खुर्च्या एकमेकींपासून लांब सरकल्यात, नवऱ्याला पथ्य सांगून केक एकटी कोण खाते. नॉरिसने यातलं अवाक्षर कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ग्लेनिसचा त्याच्यावर मुख्य राग होता तो हाच.

"तीस वर्षं लोकांच्या घरात डोकावतोस आणि घरी येऊन मला काय सांगतोस, तर आज वारा होता," ती म्हणायची.

असा हा माणूस दिवसभर रस्त्यावर. घरोघरी त्याला चहा मिळायचा, आणि चहाचं पुढे जे होतं त्यासाठी बाजार चौकात पालिकेची मुतारी होती. एका जानेवारीत, खर्च वाचवायचा म्हणून, पालिकेने तिला कुलूप ठोकलं. नॉरिस तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. त्या वयात, त्या थंडीत, शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकताना बघणं म्हणजे शिक्षाच.

त्याने वॉर्डाच्या नगरसेविका मिसेस हेझल ब्रायर्ली यांना गाठलं. त्यांच्याही खिडक्या तोच पुसायचा.

"मिस्टर टॅटरसॉल, तुमची अडचण मला समजते हो," ब्रायर्लीबाई म्हणाल्या, "पण हे काय माझ्या एकटीच्या हातात आहे? सभागृहाने ठरवलं."

"सभागृहाच्या इमारतीत मुतारी आहे का?"

"आहे की. दोन आहेत."

"तरीच."

बाई हसल्या. "एवढं वाटतंय तर उभे राहा ना निवडणुकीला!"

त्या गमतीने म्हणाल्या. नॉरिस शिडी खांद्यावर टाकून थेट पालिकेत गेला आणि अर्ज घेऊन आला.

अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागायच्या. त्या एका सकाळीत झाल्या. खाटीक अर्नी एंट्विसलने तर हात पुसायच्या आधीच सही केली. पाद्री होलरॉइडसाहेबांनी केली, पियानो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस ऑग्डेन यांनी वळणदार अक्षरात केली, 'गोल्डन फ्लीस'च्या मालकाने आपली करून गुत्त्यात बसलेल्या आणखी दोघांच्या करून घेतल्या. सगळे म्हणाले, "नॉरिस, तूच खरा आमचा माणूस." अडचण एकच होती. नॉरिस राहायचा कालव्यापलीकडे, दुसऱ्या वॉर्डात. काम मिल गेटमध्ये करतो म्हणून त्याला तिथून उभं राहता येत होतं, पण त्याचं आणि ग्लेनिसचं मत पलीकडच्या वॉर्डात. म्हणजे घरचं एकही मत नाही.

प्रचार त्याने शिडीवरून केला. पत्रकं छापली नाहीत. काच पुसून झाली की आतल्या माणसाला खुणेने खिडकी उघडायला लावायची आणि म्हणायचं, "गुरुवारी मतदान आहे. बाजारातल्या मुतारीचं लक्षात असू दे." लोक अंगठा वर करायचे.

शुक्रवारी दुपारी नगरभवनात मतमोजणी झाली. ग्लेनिसने बहिणीच्या लग्नातली पिसाची टोपी घातली होती. निवडणूक अधिकारी मंचावर आला आणि त्याने वॉर्डामागून वॉर्ड वाचत मिल गेट गाठलं.

"ब्रायर्ली, हेझल. सहाशे बारा. डकवर्थ, सिरिल. चारशे एकोणतीस. टॅटरसॉल, नॉरिस." इथे त्याने चष्मा सारखा केला, कागद जरा लांब धरला. "सात."

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"बाद मतं, अकरा," अधिकाऱ्याने वाचून संपवलं.

ब्रायर्लीबाईंनी येऊन नॉरिसचा हात हातात घेतला, "छान लढलात हं" म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या डकवर्थमास्तरांनी पाठीवर थाप मारली. ग्लेनिस बोलली ती कालव्याच्या पुलावर, कागदात गुंडाळलेल्या बटाट्याच्या गरम फोडी खाताना.

"अकरा माणसांना कागदावर धड फुली मारता आली नाही. ती अकराही तुझ्यापुढे गेली."

"हं."

"आणि सह्या दहा होत्या, नॉरिस. दहा! मतं सात. ते तिघं कोण, एवढं मला शोधून दे."

"सोड ग. लोकांना कामं असतात."

"कामं! मी बघ, एकदा तुझ्या बाजूने मत दिलं ते छत्तीस वर्षं निभावतेय."

"तेव्हा दुसरा उमेदवार कुठे होता?"

"होता," ग्लेनिस बोटं चाटत म्हणाली. "त्याच्या आता तीन बेकऱ्या आहेत."

नॉरिस हसला, पण रविवारी तो आपल्या भाजीच्या वाफ्यांकडे फिरकला नाही. वाफ्यांवर शेजारी भेटतात. सोमवारी शिडी खांद्यावर घेऊन पूल ओलांडताना त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं मी यांना काचेतून बघतोय, आज ते मला बघणार. शनिवारच्या स्थानिक पेपरात सगळे आकडे छापून आले होते. घरी बसायची तर सोय नव्हती. सोमवारी बाजारपेठेच्या काचा असत.

अर्नी एंट्विसलने त्याला लांबूनच पाहिलं. दुकानात तीनचार बायका रांगेत असताना तो काउंटर सोडून बाहेर आला आणि त्याने नॉरिसच्या हातात डुकराचा खिमा भरून भाजलेला गरम 'पोर्क पाय' ठेवला.

"सातातला एक मी," अर्नी कुजबुजला. "तू मनात काही आणू नकोस."

"मी कुठे काय विचारलं?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं."

पुढे केस कापणाऱ्याने तेच सांगितलं. लोकरीच्या दुकानातल्या दोघी बहिणींनी एका सुरात तेच सांगितलं. मिस ऑग्डेन यांच्या वरच्या मजल्यावर तो काच पुसत होता तेव्हा बाईंनी तीच खिडकी उघडली, त्यामुळे फडकं त्यांच्या नाकाला लागता लागता राहिलं.

"नॉरिस, मी तुम्हाला मत दिलं."

"आभारी आहे, मिस ऑग्डेन."

"पण मग मला हेझलचं वाईट वाटलं. तिची मुलगी माझ्याकडे शिकलीय. म्हणून मी तिच्यापुढेही एक फुली मारली."

नॉरिसने शिडी घट्ट धरली. "आणि डकवर्थमास्तर?"

"आता दोघांना द्यायचं आणि त्या बिचाऱ्याला तेवढं वगळायचं, हे बरं दिसतं का?" मिस ऑग्डेन म्हणाल्या. "चालतं ना तसं?"

"उत्तम चालतं," नॉरिस म्हणाला. बाद अकरांतलं एक मत कोणाचं, ते त्याला कळलं होतं.

पाद्रीसाहेबांच्या घरी आणखीच निराळं झालं. तिथे न्हाणीघराची धुरकट काच पुसायला तो चढला, तर आतून खिडकी हातभर उघडली आणि अंगावर गाऊन, गालाला साबण अशा अवस्थेत होलरॉइडसाहेब दिसले. शिडीवाला बाहेर, पाद्री आत, आणि पापाची कबुली देतोय पाद्री.

"नॉरिस, मी मत द्यायला गेलोच नाही. जेवण झाल्यावर जरा खुर्चीत टेकलो, ते उठलो तेव्हा केंद्र बंद झालं होतं."

"असू द्या साहेब. दमला असाल."

"दमलो नव्हतो रे. पुडिंग खाल्लं होतं."

इतका सच्चा माणूस नॉरिसला त्या दिवसांत दुसरा भेटला नाही. 'गोल्डन फ्लीस'मध्ये मंगळवारी एका टेबलावरच्या पाचजणांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आपण नॉरिसला मत दिलं. त्यांतले दोघे त्या वॉर्डात राहतही नव्हते. आठवड्याअखेर ग्लेनिसने हिशोब केला.

"तेवीस झाले. तेवीस जणांनी मिळून सात मतं दिली. म्हणजे माणशी पाव मत धर."

"पावाहून जरा जास्तच पडेल," नॉरिस म्हणाला. त्याच्या पोटात आता पोर्क पाय, फुकटची बिअर आणि मिस ऑग्डेन यांचा आल्याचा केक होता, आणि मनातला सल कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. रागवायचं कोणावर, तर ज्याच्यावर रागवावं तोच आधी खायला घालायचा.

आणखी एक गोष्ट झाली. आता जो तो त्याला आत बोलवायला लागला. "अरे नॉरिस, लागलीय का? ये की, मागच्या दाराने जा." तीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात अर्नीने हेच म्हटलं तेव्हा दुकानात नेहमीप्रमाणे रांग होती. नॉरिसने बादली खाली ठेवली.

"माझं भागेल रे. पण मी एकट्यासाठी उभा राहिलो नव्हतो. बाजाराच्या दिवशी खेड्यातून म्हाताऱ्या येतात, परतीच्या बसला तासभर असतो. त्यांनी कुठे जायचं?"

रांगेतल्या बायका वळून अर्नीकडे बघायला लागल्या. त्यातली सगळ्यात पुढची स्वतःच ऐंशीच्या घरातली होती. अर्नीचा चेहरा त्याच्या मालाइतका लाल झाला.

"येऊ देत," तो म्हणाला. "माझं काय जातंय? येऊ देत की सगळ्यांना!"

"मग तसं लिहून काचेवर लाव. काच मी पुसलेलीच आहे."

अर्नीने पाटी लावली. पाद्रीसाहेबांनी ती वाचली आणि त्याच दिवशी चर्चच्या सभागृहाचं मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. खाटीक आणि पाद्री पुढे गेले म्हटल्यावर 'गोल्डन फ्लीस'चा मालक मागे राहतो कसला? त्याने बाहेर फळाच लावला, 'आत या, प्यायलाच पाहिजे असं नाही'. लोकरवाल्या बहिणी तेवढ्या अडून बसल्या, त्यांचं म्हणणं, लोकरीला वास लागतो. पण बाजारपेठेत सगळी मिळून सहा दारं उघडली, आणि अर्नीच्या लक्षात आलं की मागच्या दाराने जाणारी म्हातारी पुढच्या दाराने बाहेर पडताना सॉसेज घेते.

ऑगस्टमध्ये नॉरिस ब्रायर्लीबाईंच्या खिडक्या पुसत होता. बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, शिडीखाली उभ्या राहिल्या आणि उगीचच गुलाबाची सुकलेली फुलं खुडायला लागल्या.

"मिस्टर टॅटरसॉल, एक सांगू? कोणाला बोलणार नसाल तर."

"मी कधी काही बोललोय?"

"मी तुम्हाला मत दिलं होतं."

नॉरिसने फडकं बादलीत टाकलं. "तुम्ही? तुम्ही स्वतःच उभ्या होतात की!"

"म्हणूनच. स्वतःच्या नावापुढे स्वतःच फुली मारायची, मला नाही जमत ते. आजवर कधी जमलं नाही. आणि मला वाटलं, तुम्हाला निदान एक तरी पडावं."

नॉरिस इतका हसला की शिडी भिंतीवर खडखडायला लागली आणि बाईंना ती खालून धरावी लागली. तेवीस जणांच्या शपथा त्याने ऐकल्या होत्या. शंभर टक्के विश्वास बसला तो या चोविसाव्या मतावर. ग्लेनिसला त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती विचारायचीच, आज काय नवीन? तो म्हणायचा, ऊन होतं.

बाजारातले सहा जण फुकट करतात ते पालिकेला जमत नाही, असं पेपरात पत्र छापून आलं आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. ब्रायर्लीबाईंनी ती कुजबुज विझू दिली नाही. पुढच्या वसंतात बाजारातली मुतारी पुन्हा उघडायचं ठरलं. नवा रंग, नवे नळ, दाराला रिबन. गावचा पितळी वाद्यांचा बँड आला. बाईंनी रिबन कापली आणि जाहीर केलं, "पहिला मान मिस्टर टॅटरसॉल यांचा!"

नॉरिस टाय लावून आला होता. टाळ्यांच्या गजरात तो आत गेला. दार लागलं. बँड थांबला. दीडएकशे माणसं बाजार चौकात गप्प उभी राहिली आणि वाट बघायला लागली.

आत नॉरिस भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर सगळं गाव कान देऊन उभं आहे हे त्याला जाणवत होतं, आणि वर्षभर ज्यासाठी झगडला ते आता काही केल्या होईना. एकदा नळ सोडून बघितला. शिट्टी वाजवून बघितली. बाहेर ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं, "वाजवू का हळू काहीतरी?" आणि लोकांत खसखस पिकली.

"नॉरिस," ग्लेनिसचा खणखणीत आवाज आला, "मटण शिजत ठेवून आलेय मी!"

शेवटी नॉरिसने टाकीची साखळी ओढली. पाणी धबधब्यासारखं कोसळलं, बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला, बँड सुरू झाला, आणि तो लाल तोंडाने हात पुसत बाहेर आला. अर्नीने त्याला मिठी मारली, पाद्रीसाहेबांनी टोपी काढली, मिस ऑग्डेन यांनी डोळे टिपले.

"कसं वाटलं?" पेपरवाल्याने विचारलं.

"सोय चांगली झालीय," नॉरिस म्हणाला, आणि गर्दी पांगेपर्यंत कसाबसा थांबून, कोणाचं लक्ष नाही असं बघून, पुन्हा आत गेला.