मुद्देमालाची होडी

आधी आक्काचं नाव घेतो, मग घटनेकडे वळतो. तिचं खरं नाव इथं देणार नाही. आरोपीच्या रकान्यात ते एकदा लिहिलं, तेवढं पुरे. पण ती नसती तर मी फौजदार म्हणून निवृत्त झालो नसतो, आणि बहुधा विशीही ओलांडली नसती. पुढं नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. डोळे मिटले की समोर येते ती मात्र धरणाच्या पाण्यावरची ती एक दुपार.

मोठ्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमचं औटपोस्ट होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, एक हवालदार आणि आम्ही दोन शिपाई. फौजदारसाहेब आठवड्यातून एकदा मोटारसायकलवरून येत, रजिस्टरं तपासत आणि जाताना कुणाला तरी झापून जात. बहुतेक वेळा मला.

मी मूळचा कोकणातला. सातवीनंतर शाळा सोडली, नगरला मामांकडे आलो आणि छाती भरली म्हणून पोलिसात भरती झालो. नोकरी अजून पक्की नव्हती. एक चूक झाली की घरी, हे रोज ऐकत होतो. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या भरवशावर. आईच्या प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ एकच असे, ‘साहेबांना उलट उत्तर देऊ नकोस.’

मी कधीच दिलं नाही. सगळा घोटाळा तिथंच झाला. हजर झालो त्या दिवशी हवालदारांनी विचारलं होतं, “कोकणातला का तू? मंग होडी येतच असंल.” मी म्हणालो, “होय.” देशावरच्या लोकांना वाटतं, कोकणी माणूस पाळण्याऐवजी होडीतच वाढतो. आमचं गाव खेडच्याही वर, घाटाच्या पायथ्याला. समुद्र मी सहलीला पाहिला होता, तोही टेकडीवरून. पोहणं एवढंच, की डोहात टाकला तर ओरडत काठाला लागेन.

खबर आली ती घोडेगावच्या बाजारातून. तिथं बैल घ्यायला येणाऱ्यांना दुधाच्या किटलीतून हातभट्टीची दारू मिळते आणि ती धरणातल्या बेटावरून येते, असं एका दलालानं सांगितलं. बेट म्हणजे पाण्याबाहेर राहिलेलं टेकाड. त्यावर आक्का शेळ्या घेऊन राहायची. तिशीतली, एकटी, आवाज असा की काठावरची कुत्री उठून बसत.

साहेबांनी तिला बोलावून चौकशी केली. ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत ती आली. लुगडं नुसतं घोट्यापर्यंत भिजलेलं.

“भट्टी कुठंय?”

“भट्टी? साहेब, माझ्याकडं चार शेळ्या हायेत. दूध प्या, डोकं थंड हुईल.”

“माल कुठं लपवतेस?”

“शोधा की. एवढं टेकाड हाय. तुमी तर सरकार.”

आम्ही मासळीच्या ठेकेदाराची होडी मागून एकदा झडती घेऊन आलो होतो. चार शेळ्या आणि एक चूल, एवढंच सापडलं. ठेकेदार पुन्हा होडी देईना. मग साहेबांची नजर आमच्या अंगणात गेली.

तिथं वर्षभरापासून एक होडी पालथी पडली होती. परवाना नसताना मासेमारी केली म्हणून जप्त केलेली. तीही आक्काचीच. पंचनाम्यात ‘एक होडी, एक वल्हं’ असं लिहिलेलं. खाली कोंबड्या अंडी घालत, वर हवालदार पापड वाळवत.

“कोकण्याला पाठवू,” हवालदार म्हणाले. “मासेमाराच्या वेशात जाईल, पलीकडं दबा धरून बसंल. माल काढताना बघितला की शिट्टी मारंल.”

“एका वल्ह्यावर?” साहेबांनी विचारलं.

“त्यांच्याकडं शीड लावत्यात साहेब. आपली सतरंजी हाय की.”

साहेब माझ्याकडे वळले. “मुद्देमाल आहे तो. एक फळी जरी गेली तरी तुला घरी पाठवीन. जमेल?”

मी म्हणालो, “होय, साहेब.”

भर दुपारी निघालो. अंगात बंडी, धोतर, डोक्याला फडकं. बांबूला सतरंजी बांधलेली, तिच्यावर ‘पोलीस’ हा शिक्का आणि नंबर, तोही बेटाच्या बाजूला. मी एकटाच, कारण हवालदार बसले की होडीची कड पाण्याला टेकत होती. ते साहेबांसोबत काठावरून बंदोबस्त पाहणार होते.

वल्हं मारलं की होडी गोल फिरायची. तीन वेळा मला हवालदारच समोर दिसले. चौथ्या वेळी ते म्हणाले, “आरं जा की आता!”

तेवढ्यात वारा आला आणि सतरंजी फुगली. होडी सुटली. मला आनंद झाला तो अर्धा मिनिट. सतरंजीच्या खालच्या टोकाची दोरी सारखी हात ओढत होती, म्हणून मी ती आडव्या फळीला पक्की बांधून टाकली, कवायतीत तंबूची बांधतात तशी दुहेरी गाठ. मग पायाला गार लागलं. वर्षभर उन्हात पडलेल्या लाकडाच्या फळ्या आकसलेल्या, फटीफटीतून पाणी येत होतं. डोक्याचं फडकं काढून पाणी उपसायला लागलो. फडक्यात पाणी राहतं कुठं?

वारा वाढला. होडी एका कुशीवर कलली आणि तिची कड पाण्याला लागली. खरं सांगतो, जिवाआधी मला मुद्देमाल रजिस्टर आठवलं.

बेटावरून आवाज आला.

“ए सतरंजीवाल्या! दोरी सोड!”

“बांधलीय!”

“बांधत्यात व्हय रं मुडद्या! हातात धरायची असती ती! वारं आलं की ढिली, गेलं की वढायची. काप ती!”

दातांनी आणि नखांनी गाठ सोडवली. सतरंजी फडफडली आणि होडी धाडकन सरळ झाली.

“आता मागं बस! मागं! वल्हं पाण्यात उभं धर, हलवू नगंस! माझी होडी बुडवलीस तर तुला शेळ्यांच्या खुट्याला बांधीन!”

ती काठाकाठानं पळत सांगत होती, मी करत होतो. दोरी ढिली, दोरी आवळ. होडी माझं ऐकू लागली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं ऐकत होतं. समोर पाण्यातून वाळक्या बाभळीचा शेंडा वर आलेला दिसला. त्याला धरून थांबावं म्हणून मी तिकडे वळवली.

“बाभळीकडं नगं!” ती किंचाळली. “दोरखंडात गुतशील, उलटी हुईल! खाली माझी पिंपं बांधल्यात!”

आणि तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. शेळी तेवढी ओरडली.

मी वल्हं उजवीकडे दाबलं आणि होडी चिखलात घुसवली. आक्का गुडघाभर पाण्यात आली, होडीचं नाक धरलं, आधी फळ्या चाचपल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

“कोकणातला ना रं तू?”

“डोंगरातला.”

“मंग आधी सांगायचं न्हाई?” ती खडकावर बसली. “आता लिव्हणार तू, पिंपाचं?”

“लिहावं लागेल, आक्का.”

“लिव्ह की. मेला असतास तर कोण लिव्हणार हुतं?” ती उठली, झुडपामागं गेली आणि दुसरं वल्हं घेऊन आली. जप्तीच्या वेळी ते तिनं दिलंच नव्हतं.

फटींत चिंध्या कोंबून, दोन वल्ह्यांवर तिनं मला परत आणलं. काठाजवळ आल्यावर वल्ही माझ्या हातात दिली. “घे. तुझ्या साहेबाला दाव.” हवालदार आनंदानं ओरडले, “बघा साहेब, कोकणी रक्त! आरोपी घिऊनच आला!” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरी पक्की झाल्यासारखीच होती. फक्त गप्प बसायचं होतं.

मी म्हणालो, “साहेब, मला होडी येत नाही. कधीच येत नव्हती. मी बुडत होतो. मला वाचवताना पिंपांची जागा ह्यांच्या तोंडून निघाली. हे माझ्या जबाबात घ्या.”

साहेबांनी माझ्या ओल्या धोतराकडे पाहिलं. “मग येतं म्हणून का सांगितलंस?”

“आईनं सांगितलंय, उलट उत्तर द्यायचं नाही.”

ते हसले नाहीत. पण जबाब लिहिताना त्यांचे खांदे हलत होते. मला आठवडाभर जादा कवायत मिळाली, नोकरी राहिली. पंचांना बेटावर नेण्याची वेळ आली तेव्हा होडी हाकायला कुणीच नव्हतं, म्हणून आरोपीनंच पंचांना नेलं-आणलं, आणि हवालदार काठावर राहिले म्हणून त्यांना टोमणेही मारले. कोर्टात माझा जबाब वाचला गेला. तिला दंड आणि समज मिळाली, पुढं होडीही परत मिळाली. भट्टी तिनं बंद केली, असं ऐकलं. मी तपास करायला गेलो नाही.

ह्या केसनं मला शिकवलं ते असं, की साहेबापुढं घाबरून दिलेला होकार हाही खोटा जबाबच असतो. पुढं माझ्यासमोर घाबरलेला माणूस ‘होय साहेब’ म्हणाला की मी पेन खाली ठेवून त्याला पुन्हा विचारायचो. कितीतरी निरपराध माणसं त्यामुळं घरी गेली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी आक्काला विचारलं होतं, हे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, “एकदा एकटा होडी हाकत बेटावर ये. च्या पाजते. कुणाला घिऊन आलास तर न्हाई पाजणार.”

त्यानंतर बदल्या झाल्या, लग्न, मुलं, गुडघे. जमलं नाही. ती अजून आहे, बेटासमोरच्या वाडीत नातवांना ओरडत असते, असं परवा कळलं. गेल्या महिन्यापासून मी एका मासेमाराकडे होडी शिकतोय. तो वैतागलाय, पण शिकवतोय. आक्का, वारा जरा पडू दे. मी येतो, एकटाच.