काय करपतंय गो?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, घरात कुणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. मला ते फार जड जायचं. चौलच्या त्या घरात भात मोकळा अक्कांचाच, कालवणही त्यांचंच. माझ्या वाट्याला पाणी आणि भांडी. कधी चुलीपाशी बसलेच, तर अक्का नाक वर करून विचारायच्या, "धाकटे, काय करपतंय गो?" काहीएक करपलेलं नसायचं. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घाली.

पुढे अक्कांच्या अंगात येऊ लागलं. डोळे फिरायचे, हातपाय ताडताड उडायचे, मग त्या गाढ झोपायच्या. सासूबाईंनी देवी म्हणून ओटी भरली. मंगळवारी बायका नारळ घेऊन पाया पडायला यायच्या. म्हणजे आता देवीसुद्धा थोरलीलाच! एकदा मात्र झटक्यात त्यांचा हात निखाऱ्यांत गेला आणि मनगटापर्यंत भाजला. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "देवी आली तर मला कसं ठावं न्हाय? मला दाक्तरला दाखवायचंय. तू चल."

पिशवी धरायला कुणी हवं म्हणून मला नेतायत, असं मला वाटलं. रेवसहून लाँचने आम्ही मुंबईला गेलो. झटका येण्याआधी काय होतं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय आठवत न्हाय," अक्का म्हणाल्या. "हिला इचारा. हिची नजर माझ्यावरून हलत न्हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण चिडूनच मी सगळं सांगून टाकलं. आधी ओठ चावल्यासारखे हलतात, मग उजवा हात आखडतो, आणि त्याच्याही आधी या माझ्या स्वयंपाकाला करपला म्हणतात. डॉक्टर लिहायचे थांबले आणि ते करपणं मला खोदून खोदून विचारू लागले. न करपलेल्याचा तो वास हीच आजाराची सुरुवात होती. तपासण्या झाल्या. फेफरं आहे म्हणाले, आणि रोजच्या गोळ्या दिल्या.

नारळ थांबले. झटके कमी झाले, पण गेले नाहीत. अक्कांनी "करपतंय" म्हटलं की मी हातातलं टाकून त्यांना चुलीपासून दूर नेऊन बसवी. एकदा अशीच त्यांना घट्ट धरून बसले होते, तर त्या हसायलाच लागल्या. "सोड गो, आज खरंच करपलंय."

तव्यावरच्या बांगड्यांचा कोळसा झाला होता. जेवताना सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, तसं अक्कांनी ते आपणच तळले म्हणून सांगितलं. लगेच सासूबाई म्हणाल्या, असे खरपूसच बरे लागतात.

अक्कांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते बांगडे मी त्यांना अजून माफ केलेले नाहीत.