पदराबाहेरचं मंगळसूत्र

काल संध्याकाळी तळ्याकाठच्या रस्त्यावर फिरायला आलेल्या बायका पाहून मी थबकलोच. त्यांची मंगळसूत्रं पदराबाहेर होती. काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावर प्रत्येकीचा हात गळ्याशी असायचा. मोटारसायकलवरून चोर यायचे आणि हिसडा मारून पसार व्हायचे.

तेव्हा माझी धाकटी बहीण सुमन इथे फौजदार म्हणून आली. "एखाद्याला भर चौकात फोडून काढ, बाकीचे आपोआप सुधारतील," असं मीही तिला सांगितलं होतं.

ती म्हणाली, "दादा, माराची भीती वळ उतरेपर्यंतच टिकते. पण आपण सापडणारच हे पटलं, की चोरीला हात धजत नाही."

मग ती रोज संध्याकाळी शिपायांना घेऊन इथून पायी फिरू लागली. बायकांशी बोलायची, संशय आला की गाडी थांबवायची. एकेक चोर सापडत गेला आणि कोर्टात उभा राहिला. चौकात मात्र कुणालाच मार पडला नाही.

शिक्षेने माणूस आतून बदलतो का, मला अजून ठाऊक नाही. चोराच्या मनात कोण डोकावणार? पण बायकांचा निर्धास्तपणा डोळ्यांना दिसतो. त्या हातवारे करत, खळखळून हसत चालल्या होत्या.

त्यांतली एक थांबून म्हणाली, "तुम्ही फौजदारबाईंचे भाऊ ना?"

सुमन आली तेव्हा गाव तिला माझ्यावरून मास्तरांची बहीण म्हणायचं. मी "हो" म्हणालो, जरा मोठ्यानेच.