लॅपटॉपचं तोंड आईकडे

वाचकांच्या न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त प्रतिक्रिया लिहिल्यात, त्याही खवचट. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली की 'उंदीर बघा', कुणाचा दिवा आपोआप लागला की 'वायरिंग तपासून घ्या'. मी वाढलोच तशा घरात. अंगारे-धुपारे, नवस, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहितो. तुमच्यात कुणी साउंडचं काम करणारं असेल तर त्यांनी माझी चूक काढावी.

मी दुसरबीडचा. रस्त्याला लागून माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत माझा 'स्टुडिओ' — म्हणजे एक लॅपटॉप, एक माइक, दोन स्पीकर आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. आसपासच्या गायन पार्ट्या, भजनी मंडळं, लग्नाची गाणी, सगळ्यांचे ट्रॅक इथंच होतात. वाजवणारा बोलवावा लागत नाही, ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मिडी ग्रूव्ह म्हणजे आवाज नव्हे, नुसत्या सूचना. कुठली थाप, कधी, किती जोरात. सॉफ्टवेअर त्या वाचतं आणि वाजवतं. ते दमत नाही, चहा मागत नाही, रुसत नाही.

माझे बाबा या तिन्ही गोष्टी करायचे. आमच्या गायन पार्टीत आई गायची आणि बाबा ढोलकीवर असायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना बीबी, मेहकर अशा कुठल्या कुठल्या गावांहून बोलावणी यायची. बाबांची एक खोड होती, ते वन्स मोअर द्यायचे नाहीत. लोक ओरडून ओरडून बेजार व्हायचे, पण बाबा ढोलकीवर रुमाल टाकून मोकळे. "एकदा झालं म्हंजे झालं," एवढंच म्हणायचे.

दुसरी सवय म्हणजे ते लोकांकडे तोंड करून बसत नसत, आईसमोर बसत. आईला दम कमी पडायचा, पहिल्यापासूनच. बाबांचं म्हणणं, ढोलकीवाल्यानं गाणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघावं. श्वास घ्यायचा असला की खांदा आधी उचलला जातो. आईचा खांदा उचलला की बाबांची थाप हवेतच थांबायची. आई श्वास घेऊन शब्द उचलायची, मग थाप पडायची. लोकांना वाटायचं ही मुद्दाम बसवलेली जागा आहे.

मागच्या वर्षी बाबा गेले आणि आईनं गाणं सोडलं. यंदा तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जिवाला धोका नाही म्हणाले, पण आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज बदलू शकतो. परत येताना गाडीत आई म्हणाली, "वैशूच्या लेकराचा पाळणा मंग मी कोन्त्या आवाजात म्हणू?"

वैशू माझी धाकटी बहीण, तेव्हा तिला सातवा सरून आठवा लागला होता. तिच्या जन्माच्या वेळी बाबांनी एक पाळणा रचला होता. त्यात देवादिकांच्या ऐवजी आमची शेळी होती, दारातली बाभूळ होती, बाबांची सायकल होती. आपल्या बाळाला आईनं हाच पाळणा म्हणायचा, असं वैशूनं लहानपणीच ठरवून टाकलेलं. म्हणून ठरलं की जालन्याला जायच्या आधी तो आईच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचा.

पण ढोलकीशिवाय आई गाईना. गावातल्या एका ढोलकीवाल्याचं नाव काढलं तर म्हणाली, "हात चांगला हाये त्याचा, पण तो पब्लिककडं पाह्यते." शेवटी मी सॉफ्टवेअरमध्ये ढोलकी लावली, ग्रूव्ह ओढून टाकला, टेम्पो, म्हणजे वेग, तिच्या चालीला बसवला. दुपारची वेळ, पंखा बंद, घामाच्या धारा. आईनं हेडफोनला साफ नकार दिला. "कानात बोळे घातल्यावर मले माहाच आवाज ऐकू येत नाही," म्हणे. मग ढोलकी स्पीकरवर सोडली. माइकमध्ये ढोलकीही शिरणार हे कळत होतं, पण इलाज नव्हता.

आई गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीत अडखळली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिला श्वास घ्यायचा असायचा आणि ढोलकी पुढे निघून गेलेली असायची. ती जिथे थांबली तिथल्या थापा मी काढून टाकल्या, तर पुढच्या खेपेला तिचा श्वास भलतीकडेच. मग मी सगळ्या थापा होत्या तशा परत लावल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे सुनील. नाही होत माह्यानं." आईचा आवाज असा माझ्या डोळ्यांदेखत हातातून चाललाय, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात तिनं विचारलं, "वाजवते कोन? हा लॅपटॉपच ना?"

"हाव."

"मंग त्याले माह्याकडं पाठ करून काऊन बसवलं? वाजवणारा पाठ करून बसन तं त्याले माहा खांदा दिसन कसा?"

दारात मेथी निवडत बसलेली माझी बायको सीमा खुदकन हसली. मलाही हसू आलं. पण आईचं मन राखायचं म्हणून लॅपटॉप फिरवला, स्क्रीन तिच्याकडे केला. कॅमेरा म्हणाल तर त्याच्यावर सीमानं कधीची टिकली चिकटवून ठेवलीय, कुणीतरी तिला सांगितलं की त्यातून लोक बघतात. रेकॉर्ड दाबलं आणि मी लॅपटॉपच्या मागे जाऊन उभा राहिलो.

पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत आईचा खांदा उचलला... आणि थाप पडली नाही. आईनं श्वास घेतला, शब्द उचलला, मग थाप पडली. मला वाटलं, आपलेच कान वाजले. पण पुढेही तेच. कुठे अर्धा श्वास, कुठे लांब, प्रत्येक वेळी ढोलकी थांबली आणि तिला बरोबर घेऊन निघाली. मेथी निवडणारा सीमाचा हातही थांबला होता. आई स्क्रीनकडे बघत नव्हती. ती थोडी खाली, कीबोर्डकडे बघत होती, वाजवणाऱ्याचे हात जिथे असतात तिथे. आणि एका जागी ती हसली. बाबांनी अवघड श्वास सांभाळून घेतला की ती तशीच हसायची.

पाळणा संपला तशी ढोलकीही संपली. वास्तविक ग्रूव्ह मी बराच जास्तीचा लावलेला होता.

"चहा टाक वं सीमा," आई म्हणाली.

"आई, ढोलकी थांबत होती," मी म्हणालो.

"थांबणारच ना," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

आता साउंडवाल्यांसाठी. लॅपटॉप हँग झाला असेल म्हणाल, तर आवाजही त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड होत होता आणि तो कुठेही तुटलेला नाही. मी लगेच मिडी उघडून पाहिलं. सगळ्या थापा जागच्या जागी, सारख्या अंतरावर, एकही कमी नाही. नुसता तो ट्रॅक वाजवला तर सरळ पळतो, कुठेही थांबत नाही. पण आईच्या माइकमध्ये शिरलेली ढोलकी थांबते. म्हणजे खोलीत वाजलं ते एक आणि मशीनमध्ये लिहिलेलं दुसरंच. शेवटी मिडी बंद ठेवून फक्त माइकचा ट्रॅक वैशूला पाठवला.

ऑपरेशन नीट झालं. आईचा आवाज गेला नाही, पण जाड झाला, वर चढत नाही. वैशूला मुलगी झाली. बारशाला स्पीकरवर तो पाळणा लागला तेव्हा वैशू आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

त्यानंतर मी पुष्कळदा करून पाहिलं. दुसरे गायक उभे केले, लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, सगळं तसंच ठेवलं, टिकलीसुद्धा. काही नाही. मागच्या आठवड्यात आईलाच बसवलं. ती त्या जाड आवाजात गायली, खांदा उचलला, आणि ढोलकी तिला मागे टाकून सरळ निघून गेली. मला फार वाईट वाटलं. एकदा, फक्त एकदा परत ऐकायचं होतं. कारण मला तेव्हाही सापडलं नव्हतं, आजही सापडलेलं नाही.

आईला मात्र काहीच वाटलं नाही. तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला, लॅपटॉपवर नीट पांघरला आणि म्हणाली, "कायले जीव खातं त्याचा? तुह्या बाबानं कधी वन्स मोअर देला का?"