भीमेपलीकडची हमी

दौंड सोडताना मॅजिस्ट्रेटसाहेबांचे शब्द कानात होते : “आई सोडून गावातले कोणी हमी घेत असेल तर मुलगा गावात राहील. नाहीतर उद्या रिमांड होम.” मी पुण्याची, प्रोबेशन ऑफिसर होऊन जेमतेम वर्ष झालेली. शेजारी चौदा वर्षांचा भिवा. यार्डातल्या वाघिणींतून (मालगाडीच्या डब्यांतून) कोळसा पळवणाऱ्या टोळीसाठी तो पहारा देई. मोठे निसटले, हा सापडला.

राहूला एसटीतून उतरून भीमेकाठी आलो. तरीत (पलीकडे नेणाऱ्या नावेत) बसताच भिवा कडेला सरकला. पाणी फुगलेले, मला पोहता येत नाही.

“उडी मारलीस तर मी काय करू रे?”

“वडगावात न्यू नका, बाई. आप्पा जित्ता सोडायचा न्हाई.”

मधल्या धारेत कळले : घरातून पळण्याआधी त्याने आप्पा या गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाण्याच्या इंजिनाचे पितळी भाग काढून विकले होते.

वडगाव रासाईच्या चावडीत पंधरा-वीस माणसे जमली. भिवाची विधवा आई दाराशी थांबली. मी हमीचा कागद पुढे ठेवला. कोणी हात लावेना.

तेवढ्यात काठी आपटत आप्पा आले, ते थेट भिवापुढेच. मी नकळत मध्ये गेले.

“सरा, बाई.” मग त्याला म्हणाले, “माझा कांदा वाळून गेला. ठाव हाय?”

“व्हय.”

“इंजान खोलाय कुणी शिकवलं?”

“कुनी न्हाई. तुमी खोलताना बगत व्हतो.”

काठीवरची आप्पांची बोटे आवळली, सैल झाली.

“खोलता येतं त्याला जोडताबी यील. साळा सुटली की रोज मळ्यात यायचं.” आणि त्यांनी सही केली.

महिन्याने पुन्हा गेले. भिवा विहिरीवर इंजिन पुसत होता. त्याची आई हळूच म्हणाली, “मधी तीन दिस दौंडला पळाला व्हता. आप्पांनीच तिन्ही दिस यार्डात डब्याखाली हाका मारत फिरून हुडकून आनला.”

मी आप्पांना गाठले. “मला का नाही कळवलंत?”

“कळवलं असतं, तर तुमी कागदावर ल्हिलं असतं.”

नियमाने लिहायलाच हवे होते. परतीच्या नावेत डायरी मांडीवर उघडून मी बराच वेळ बसले. सही घेऊन मी निघून गेले होते. म्हातारा माणूस मात्र तीन दिवस डब्यांखाली वाकून पोराला हाका मारत फिरला होता. अशा गोष्टीसाठी आमच्या छापील नमुन्यात रकानाच नाही.

पैलतीर आला तेव्हा मी एवढेच लिहिले : ‘मुलगा गावात आहे.’