पाटाच्या पाळीचं चित्र

आमच्या ह्यांना एका जागी बूड टेकवून बसणं म्हणजे शिक्षाच. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना आबाजी म्हणायचं. कर्जतच्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, खालापूरपर्यंत पायी जाऊन रंगवायचे, आणि रंगवून आले की दुसऱ्या दिवशी परत बघायला जायचे. रंग वाळायच्या आत त्यांना त्यात खोट दिसायची. दुकानदार म्हणायचा, "अवो, झ्याक हाय की!" ह्यांचं एकच, "नाय, कायतरी ऱ्हायलंय." मग घरी येऊन येरझाऱ्या. मला तर मेला वीट यायचा.

लढाई चालू होती त्या दिवसांत ह्यांनी चावडीच्या भिंतीवर पाण्याच्या पाळ्यांचं चित्र काढलं. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी गावानं पाट खणून शेतांवर आणलं होतं. त्यावर उन्हाळी भात व्हायचं. चित्रात दर घराची एक रांग, रांगेच्या सुरुवातीला त्यांच्या बांधावरचं झाड. पाळीला खाचर भरलं की निळीचा ठिपका, नाही भरलं तर जागा कोरी. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. रांगा मात्र मानाप्रमाणे लावलेल्या. होळीला नारळ वाहायचा मान ज्या क्रमानं मिळतो, तोच क्रम. दुसरं काही कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भोवती वेली, कोपऱ्यात मोर. पाहुणे आले की गाव आधी ती भिंत दाखवायचं, आणि हे फुलून जायचे.

पण गौराबाईचं भात दर उन्हाळ्यात वाळायचं. पाटाच्या शेवटाला तिचं खाचर, नवरा नाही, पदरात पोरी. ती चावडीवर ओरडायची, "माज्यापत्तुर पानी येतच नाय वो!"

पाटाच्या पाळ्या आमचे मोठे दीर, भिवाजीदादा, बघायचे. ते भिंतीकडं बोट करायचे. "बग की. कोऱ्या जागा वर बी हायत, मधी बी हायत. नशिबाचा खेळ हाय बाये. तुजी जमीनच रेताड."

मानाच्या रांगांत कोऱ्या जागा खरंच इकडंतिकडं विखुरलेल्या दिसायच्या. गौराबाई पदर खोचून वाळल्या खाचराकडं परत जायची.

स्वराज्य आलं त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात भिंतीचे पोपडे निघाले. गाव म्हणालं, नवीन काढ. ह्यांनी जुने ठिपके कागदावर उतरवून घेतले, भिंतीला चुना फासला, आणि तिथंच अडले. जेवता जेवता उठायचे, चावडीवर जाऊन कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे, परत यायचे.

"इंदे, ह्यात माजंच कायतरी चुकलंय."

"मोराची मान वाकडी झाली असेल," मी टोमणा मारला.

"मोर मरू दे गं! तवा मला माजी कला दाखवायची व्हती. पानी दाखवायचं ऱ्हाऊनच गेलं." मग थांबून म्हणाले, "पानी काय मान बगून वाहातंय?"

भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, त्यांनी माझ्या सारवलेल्या ओटीवर चुन्यानं पाट ओढला. वर पाटाचं तोंड, खाली शेवट. शेतं जशी लागतात तशा रांगा, आणि मग गेल्या उन्हाळ्यांचे ठिपके. मी तांदूळ पाखडत होते. सूप खाली ठेवून वाकून बघितलं. वरपासून एका जांभळाच्या झाडापर्यंत निळंच निळं, त्याच्या खाली सगळं कोरं. ते जांभूळ आमच्या बांधावरचं.

"पाळी सरली तरी दादा पानी सोडत नाय, इंदे," हे म्हणाले. "आडवा बांध घालून आपल्यातच मुरवतो."

"आणि आपण गिळतो, ते बोला की!" मी तडकून बोलले, आणि लगेच भानावर आले. शेत दादा कसायचे. ह्यांच्या रंगांवर घर चाललं नसतं. "पुसा ते. तुम्हाला माझी आण आहे."

ह्यांनी पुसलं नाही. गौराबाईचं भात पोटरीत आलं होतं, लोंबी फुटायच्या बेतात, ही पाळी चुकली असती तर गेलंच होतं. रंगाचे डबे उचलून हे चावडीवर गेले आणि संध्याकाळपर्यंत तेच चित्र भिंतीवर चढवलं. ना वेल, ना मोर.

दुसऱ्या दिवशी पाळी. सगळं गाव भिंतीपुढं जमलं आणि जांभळाच्या रांगेकडं बघू लागलं. गौराबाई बोटानं खालच्या कोऱ्या जागा चाचपत होती. तेवढ्यात फावडं खांद्यावर टाकून दादा आले. बघत राहिले. तोंड काळंनिळं झालं.

"ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"तूच, दादा. दर पाळीला 'घाल ठिपका' म्हनून तूच सांगायचास."

"पूस."

ह्यांनी ओलं फडकं दादांपुढं धरलं. "तू पूस. माजा हात उठत नाय."

दादांनी फडकं घेतलं, भिंतीपर्यंत गेले, आणि तिथंच फेकून शेताकडं चालू लागले. मी मागं धावले. म्हटलं, आता काय करून बसतात देव जाणे. त्यांनी आडव्या बांधावर फावडं घातलं. एक, दोन, मग मोजायला मी शुद्धीवर नव्हते. पाणी खाली सुटलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आबाला सांग, आजपास्नं तुमची चूल येगळी."

दिवस मावळायच्या आत गौराबाईच्या रांगेत ठिपका पडला. चिखलानं बरबटलेल्या हातानं तो तिनंच घातला.

मी परसात तीन दगड मांडून भात शिजवला. वाटणीत जाऊबाईंनी पायलीभर तांदूळ दिला होता, आमच्याच खाचरातला, त्या अडवलेल्या पाण्यावर पिकलेला. ह्यांनी ताट पुढं ओढलं, आणि घास काही त्यांना उचलवेना.