हायड्रोजन, साबणाचं पाणी आणि आमची आशाताई

दुसऱ्याच्या ओट्याखाली डोकं घालून पोट भरणाऱ्याला किस्स्यांचा तोटा नसतो. पोस्टमन दारातून परत जातो, वीजवाला मीटरपाशी थांबतो. आम्ही गॅसवाले मात्र थेट स्वयंपाकघरात! चार मित्र जमले की म्हणतात, "हं, काढ एखादा." मी काढतो. पण खरं सांगू का, लोक हसतात तेव्हा माझे कान गरम होतात. कारण यातला बहुतेक गाढवपणा माझाच आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. बीडमधल्या काही कॉलन्यांना आमच्या कंपनीचा गॅस पाइपातून जातो. त्यात थोडा हायड्रोजन मिसळून बघायचं ठरलं. हा हायड्रोजन म्हणजे लई बारीक गडी. साधा गॅस जिथं अडतो, तिथून हा निसटतो. म्हणून मिसळायच्या आधी घराघरातला एकूणएक जोड साबणाच्या पाण्यानं तपासायचा. ब्रश फिरवायचा, फुगा आला की गळती.

मी सुपरवायझर. सदाभाऊ फिटर. आणि तपासणीचं सर्टिफिकेट असलेली एकटी आशाताई. नेकनूरची, आयटीआय केलेली, कंत्राटावरची. सात वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी ती नव्यानं नोकरीला लागायची! पुण्याच्या साहेबांनी तिला शब्द दिला होता, "ट्रायल संपेपर्यंत तुमच्या नावावरच्या एकाही जोडातून गळती निघाली नाही, तर तुम्ही पर्मनंट." त्यामुळं ती जोडाकडं असं बघायची, की जोडानंच लाजावं.

* * *

पहिलाच दिवस. आशाताई यायला उशीर होता, म्हणून मी म्हटलं आपणच सुरू करू. सदाभाऊनं साबणाची बाटली दिली. मी ती टॉनिकच्या बाटलीसारखी गदागदा हलवली आणि ब्रश फिरवला. बघतो तर काय, अख्ख्या पाइपाला फुगेच फुगे!

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. "गॅस बंद करा! घरं रिकामी करा! चला, चला!" सगळी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या हाताला कणीक, कुणी टॉवेलवर. मी फोनवर कंट्रोल रूमला ओरडतोय.

तेवढ्यात आशाताई आली. तिनं फडक्यानं पाइप कोरडा पुसला, पाणी हळूच लावलं आणि बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, गळतीचा फुगा वाढत जातो. तुमचा नुसता फेस व्हता. बाटली हलवायची नसती."

अर्धी दाढी झालेला एक गडी समोरच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, माझ्याबी तोंडाला फेस हाय. माझंबी कनेक्शन तोडता का?"

गल्ली हसली. मी बाटलीवरचं लेबल वाचत उभा राहिलो.

* * *

मग लोकांची मीटिंग घेतली. समाजमंदिरात सतरंजी, चहा, सगळं. मी ठोकून दिलं, "मिश्रण आलं तरी तुमच्या स्वयंपाकात काडीचा फरक पडणार नाही!" खरं म्हणजे हायड्रोजनमुळं आच जराशी कमी पडते. मला ते माहीत होतं. पण कोण समजावत बसणार?

आधी चार गल्ल्यांत मिश्रण सोडलं. आठवड्यानं एक मावशी ऑफिसात आल्या, सोबत त्यांचे मालक. मावशी म्हणाल्या, "मी दूध ठिवते अन् आरती म्हणते. आधी अर्ध्या आरतीत दूध वर यायचं. आता आरती संपती, मी प्रसाद वाटती, तरी दूध आपलं गपगार!"

मी हसून म्हटलं, "मावशी, दुधात पाणी जास्त असंल. गवळी बदला."

मावशींनी पदर खोचला. "गवळी? दूध आमच्याच म्हशीचं हाय. अन् पिळणारे हे काय, तुमच्या म्होरं बसलेत! बदलू का?"

मालकांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. माणूस धिप्पाड होता. मी तीनदा माफी मागितली, आणि खरं काय ते आशाताईनं त्यांना दोन मिनिटांत समजावून सांगितलं. "आच थोडी मंद हाय मावशी, तुमचं दूध चांगलंय." एवढंच तर सांगायचं होतं!

* * *

पुण्याचे साहेब पाहणीला येणार होते. मी नवा शर्ट घातला, आणि वर गेवराईच्या पाहुण्यानं दिलेलं अत्तर चोपडलं. जरा जास्तच.

साहेबांनी सोबत नवं कोरं गॅस पकडायचं यंत्र आणलेलं. एका बंगल्यात ते चालू केलं. मी जवळ गेलो की यंत्र टीं टीं टीं! मी लांब गेलो की गप्प. साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या, शेगडी बाहेर काढायला लावली, सदाभाऊला माळ्यावर चढवलं. मी आपला "इथून येतंय सर, तिथून येतंय सर" करत मागं मागं.

शेवटी आशाताईनं यंत्र हातात घेतलं आणि सरळ माझ्या छातीला लावलं. यंत्रानं नुसता हंबरडा फोडला.

"सर, गळती तुमच्या शर्टात हाय!"

अत्तरातल्या स्पिरिटनं ते बोंबलत होतं. साहेब पोट धरून हसले. जाताना म्हणाले, "या बाईंना सोडू नका हो." मला राग आला होता, हे कबूल करतो. हसणाऱ्यांत मी नव्हतो.

* * *

पुढचा किस्सा मी मित्रांत कधी काढत नाही. आज काढतो.

पाली रोडच्या एका कॉलनीत शेवटची दहा घरं राहिली होती. एका दारात काकांनी आमचं हसून स्वागत केलं. रिटायर्ड माणूस, बोलायला गोड. मला "या साहेब", सदाभाऊला "ये बाबा". आशाताईला विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

ती काही म्हणालीच नव्हती. विचारल्यावर तिनं सांगितलं.

काकांचा चेहरा हसराच राहिला. "असू द्या, असू द्या. आमच्या घरात तसलं काही न्हाई हां! फक्त सैपाकघरातच देवघर हाय, अन् आई जुन्या वळणाच्या. साहेब, तुमीच बघून घ्या ना. पाच मिनटांचं तर काम."

आता मी काय म्हणायला पाहिजे होतं? "सर्टिफिकेट हिच्याकडं आहे, हीच तपासणार, नाहीतर तुमचं कनेक्शन बंद." नियमच तसा होता, त्याला काही शौर्य लागत नव्हतं. पण मी काय म्हणालो? "बरं बरं काका, त्यात काय एवढं!" दारातच बूट काढले आणि तिच्या हातातला ब्रश घेतला. तिनं तो दिला. सदाभाऊ जमिनीकडं बघत राहिला.

आत आजी खुर्चीत बसून माझ्यावर नजर ठेवून. मी घाईत ब्रश फिरवला. देवघराच्या मागं एक कोपऱ्यातला जोड होता, तिथं हात पुरेना. म्हटलं, असेल चांगला. बाहेर आलो, रजिस्टर उघडलं. तपासणाराचं नाव सर्टिफिकेटवाल्याचंच लागतं. मी आशाताईचं नाव लिहिलं, पुढं लिहिलं "ठीक", आणि काकांचा चहा प्यालो. चहा दोनच आले होते. मला आणि सदाभाऊला. सदाभाऊनं घेतला नाही.

परतताना जीपमध्ये मी अर्ध्या दाढीवाल्याची नक्कल करून दाखवली. कुणी हसलं नाही.

* * *

तिकडं मिश्रण सोडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "साहेब, देवघरापाशी वास येतोय. आई आतच हायत!"

आम्ही पोचलो तेव्हा आजी अंगणात होत्या. समई लावायच्या आधीच त्यांना वास आला, म्हणून निभावलं. सदाभाऊनं गळका जोड शोधून काढला. कोपऱ्यातलाच होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब चौकशीला आले. टेबलावर रजिस्टर उघडं, त्यात माझ्या अक्षरात आशाताईचं नाव. आम्ही तिघं समोर उभे. मी सकाळपासून आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं, "सर, चूक माझी आहे." चारच शब्द.

साहेबांनी विचारलं, "आशाताई, हा जोड तुम्ही तपासला होता?"

ती रजिस्टरातल्या माझ्या अक्षराकडं बघत राहिली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी घसा खाकरला. त्या चारातला एकही शब्द बाहेर पडला नाही.

साहेब वैतागले. "अहो, बोला. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. त्या दिवशी तुम्ही त्या घरी होता ना?"

"व्हते की सर."

"मग तिथं करत काय होता?"

आशाताई म्हणाली, "दारात सरांचे बूट राखीत बसलते."